ढाल घेण्याआधी पुठ्ठा कापा

नवा खेळाडू चिलखत स्वतःच्या मापाचं शिवून-ठोकून घेतो आणि ढाल मात्र मित्राच्या ढालीसारखी बनवतो. मग हंगामभर खांदा चोळत बसतो.

इथे बोलतो आहे ते वेताच्या तलवारींच्या खेळाबद्दल. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’चा हा खेळ. चिलखत खरं, तलवार वेताची, आणि वार नीट बसला की नाही हे ज्याला बसला त्यानेच सांगायचं. हाताला लागला तर तो हात गेला, मांडीला लागला तर पुढची लढत गुडघ्यांवर. आखाड्यात फरी-गदका खेळलेल्यांना हे फार परकं वाटणार नाही. फक्त त्या छोट्याशा फरीच्या जागी इथे अर्धं अंग झाकणारी ढाल असते.

आधी उसनी गोल ढाल घेऊन पंधरा-वीस लढती खेळा. प्रत्येक लढतीनंतर वार कुठे बसला ते वहीत लिहा. मांडीवर बसत असतील तर लांब ढालीचा विचार करा. डोक्यावर बसत असतील तर बहुतेक वेळा ढाल लहान नसते, जड असते. दमलेला हात खाली येतो आणि वर फट पडते. तलवारीच्या बाजूने बसत असतील तर नवी ढाल घेऊन उपयोग नाही, पवित्रा सुधारा.

मग पकड ठरवा. लोक आकारावर तासन्‌तास वाद घालतात, पण माझ्या मते खेळ बदलतो तो पकडीने. पट्ट्यांची ढाल कोपराजवळ अडकते, भार खांद्यावर घेते. अंगाशी भिडून, रेटून खेळणाऱ्याला ती बरी. मधल्या मुठीची ढाल हात लांबवून पुढे नेता येते, दारासारखी फिरवता येते. वार जन्मतो तिथेच अडवता येतो. पण सगळा भार मनगटावर, म्हणून ती हलकीच हवी. आपली जुनी कातडी ढालही मुठीतच धरायची. तिच्यावर दिसणारी चार फुलं ही नुसती नक्षी नव्हे, आतल्या कड्या तिथे बसवलेल्या असतात.

आकार त्यानंतर. पायांनी चपळ असाल तर गोल. एकास एक लढतीला ‘हीटर’, म्हणजे इस्त्रीच्या तळासारखी. नावही इस्त्रीवरूनच पडलं आहे. नॉर्मन लोकांची पतंगी ढाल पुढचा पाय झाकते, पण गुडघ्यांवर बसलात की तिचं टोक जमिनीला टेकतं. पेनसिल्व्हेनियातल्या ‘पेन्सिक वॉर’सारख्या मोठ्या लढाईत पहिल्या रांगेत उभं राहायचं असेल तर उंच चौकोनी. ‘बुहुर्ट’ या दुसऱ्या चिलखती खेळाचा हिशेब वेगळा: तिथे हत्यारं बोथट पोलादाची, माणूस पडला की बाद, आणि ढालीची कडही मारायला वापरतात.

आता जाड पुठ्ठा त्या आकारात कापा, मागे सुतळीची पकड बांधा आणि शिरस्त्राण घालून आरशासमोर पवित्र्यात उभे राहा. वरच्या कडेवरून समोरचं दिसलं पाहिजे. तलवार फिरवा, हात कडेला अडखळला तर तेवढा कोपरा छाटा. गुडघ्यांवर बसून तेच पुन्हा करा. ही पायरी सगळे गाळतात.

पुठ्ठा जमला की त्यावरून साधारण १२ मिलिमीटर प्लायवूड किंवा ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम कापा. प्लायवूड स्वस्त आणि घरी कापता येतं. कडेला उभी चिरलेली रबरी नळी बसवून घट्ट बांधा. उघडी कड चालत नाही. मुठीवर संरक्षण विसरू नका. पट्टे कायमचे ठोकण्याआधी दोऱ्यांनी बांधून दोन सराव खेळा, कारण बोटभर सरकवल्यानेही तोल बदलतो.

पुठ्ठा मात्र टाकू नका. फटके खाऊन प्लायवूड कधी ना कधी सुटतंच, तेव्हा पुढची ढाल त्याच्यावरूनच कापायची आहे.