घरकर्जाची नोटीस आली तर: भोपाळकरांसाठी पायरीपायरीने

कोलार रोडवरच्या किंवा साकेत नगरातल्या मराठी घरात कर्जाचे हप्ते थकले, की सल्ल्यासाठी फोन जातो तो पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना. एखादा भाचा न्यू जर्सीत असतो, तोही काही सुचवतो. सगळे आपुलकीने सांगतात, पण त्यातलं बरंचसं भोपाळला जसंच्या तसं लागू पडत नाही. अमेरिकेत घरजप्तीचा कायदाच राज्यागणिक वेगळा आहे. न्यू जर्सीत बँकेला कोर्टात दावा लावावा लागतो. टेक्सासमध्ये बहुतेक प्रकरणं कोर्टात न जाता मिटतात: लिलावाची किमान २१ दिवस आधी नोटीस, आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी.

भारतात बँकेच्या तारणी कर्जाला २००२ चा सरफेसी कायदा लागतो आणि तो भोपाळला, पुण्याला, पणजीला सारखाच आहे. राज्य बदललं की बदलतं ते दाद मागण्याचं ठिकाण, जमिनीचे कागद आणि पतसंस्थेचा कायदा. मुदती मात्र सगळीकडे त्याच. त्या पाळल्या तर कायदा कर्जदाराला बरीच जागा देतो. लाजेपोटी लिफाफा न फोडता ठेवून दिला, तर ती जागा दिवसागणिक कमी होत जाते. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

आधी फाईल लावा

कर्जाचं मंजुरीपत्र, करारनामा, खातेउतारा, रजिस्ट्रीची छायाप्रत, नामांतरणाचा कागद, मालमत्ता कराची पावती आणि जमिनीचा डायवर्शन (बिगरशेती) आदेश एकत्र करा. बँकेकडून आलेलं प्रत्येक पत्र लिफाफ्यासकट ठेवा. नोटीस हातात कधी पडली हे त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून सिद्ध करता येतं.

१. कर्ज नेमकं कुणाचं आहे ते पाहा

सरकारी किंवा खाजगी बँक आणि मोठ्या गृहवित्त कंपन्या सरफेसीखाली वसुली करतात. सहकारी बँकांबद्दल बरीच वर्षं वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो मिटवला: सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो.

पतसंस्था मात्र बँक नव्हे. तिथे राज्याचा सहकार कायदा लागतो. महाराष्ट्रात पतसंस्था कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्ती करतो. मध्य प्रदेशात १९६० चा इथला सहकारी संस्था कायदा आहे, त्याची कलमं वेगळी. त्यामुळे साताऱ्याच्या मामाचा पतसंस्थेचा अनुभव भोपाळच्या बँक-कर्जाला लावू नका.

२. नव्वद दिवसांच्या आत बँकेत जा

हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरतं. त्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. नोकरी गेली, आजारपण आलं, धंदा बसला, जे असेल त्याचा पुरावा जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेची पोच घ्या.

खातं एकदा एनपीए झालं, की एक-दोन हप्ते भरून ते पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की व्याज आणि मुद्दलाची सगळी थकबाकी भरली, तरच खातं पुन्हा नियमित धरायचं. उसनवारी करून थोडे पैसे भरणार असाल, तर आधी एकूण थकबाकीचा आकडा लेखी मागून घ्या.

वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. केला, तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे तक्रार करा. उत्तर नाही मिळालं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. गृहवित्त कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

३. साठ दिवसांची नोटीस ओळीओळीने वाचा

एनपीएनंतर कलम १३(२) ची मागणी नोटीस येते. नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवसांत सगळी बाकी भरा, असं तिच्यात असतं. पेन घेऊन बसा आणि चार गोष्टी ताडून पाहा. एनपीएची तारीख उताऱ्याशी जुळते का? भरलेले सगळे हप्ते जमा दिसतात का? सहकर्जदार आणि जामीनदार यांनाही नोटीस गेली आहे का? घराची चतुःसीमा रजिस्ट्रीप्रमाणे आहे का?

मग जमीन पाहा. शेतजमिनीच्या तारणावर सरफेसी चालत नाही. कोलार आणि नर्मदापुरम रोडच्या पट्ट्यात शेतांवर वसाहती उभ्या राहिल्या, म्हणून डायवर्शनचा कागद महत्त्वाचा. महाराष्ट्रात यालाच एनए म्हणतात. तिथे सातबारा पाहतात, इथे खसरा आणि बी-१. पण कागदावर शेती असणं पुरत नाही. जमीन खरोखर शेतीखाली आहे, हे सिद्ध करायची जबाबदारी कर्जदाराची, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. जिथे घर उभं आहे तिथे या मुद्द्यावर विसंबू नका.

बाकी एक लाखाच्या आत असेल, किंवा मुद्दल आणि व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी उरली असेल, तरीही हा कायदा लागत नाही. वर्षानुवर्षं हप्ते भरत आलेल्या घरांनी हे गणित जरूर करावं.

ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेही देता येत नाही.

४. लेखी उत्तर द्या

ही पायरी सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात जास्त चुकणारी. मॅनेजरसाहेबांशी बोलणं झालं, हे उत्तर नव्हे. हिंदीत किंवा इंग्रजीत साधं पत्र लिहा: खाते क्रमांक, नोटिशीची तारीख, ती मिळाल्याची तारीख, मग मुद्दे क्रमाने. कोणता हप्ता जमा दाखवलेला नाही, कोणती आकारणी मान्य नाही, किती रक्कम कोणत्या तारखेला भरू शकता. शेवटी खातेउतारा मागा. पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा.

कलम १३(३अ) प्रमाणे बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. आक्षेप अमान्य असतील, तर कारणं द्यावी लागतात.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, मागायची असेल तर याच वेळी मागा. तो कर्जदाराचा हक्क नाही. मान्य करायची की नाही हे बँक ठरवते. रक्कम आणि मुदत लेखी मिळेपर्यंत तडजोड झाली असं धरू नका. घर राखणं झेपणारच नसेल, तर बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधा. घाईच्या लिलावापेक्षा त्यात हाती जास्त पैसे उरण्याची शक्यता असते.

५. ताबा नोटीस लागली की पंचेचाळीस दिवस मोजा

साठ दिवस उलटले, की बँकेचा प्राधिकृत अधिकारी दारावर ताबा नोटीस चिकटवतो आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. भोपाळच्या हिंदी पेपरांत ती ‘कब्जा सूचना’ म्हणून दिसते. हा सांकेतिक ताबा; घरातून लगेच निघावं लागत नाही.

पण इथूनच दाद मागण्याची मुदत सुरू होते. कलम १७ खाली पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करावा लागतो. नुसत्या मागणी नोटिशीवर तिथे जाता येत नाही. उशीर माफ होईल या भरवशावर तर मुळीच राहू नका.

इथे राज्याचा फरक जाणवतो. पुणेकर आणि नागपूरकर यांना डीआरटी आपल्याच शहरात आहे, मुंबईत तर तीन आहेत. भोपाळकरांना जबलपूर गाठावं लागतं. तिथल्या निकालावरचं अपील अलाहाबादच्या अपिली न्यायाधिकरणात, तीस दिवसांत. या अपिलासाठी बाकीची निम्मी रक्कम भरावी लागते. ती पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. डीआरटीतल्या पहिल्या अर्जाला अशी अट नाही. आधी होती, ती २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने रद्द केली.

फी आधीच काढून ठेवा. बाकी दहा लाखांच्या आत असेल, तर दर लाखाला ५०० रुपये. त्यावर ५,००० रुपये अधिक दहा लाखांवरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये. बावीस लाख बाकी असेल तर ८,००० रुपये होतात. दिवाणी कोर्टात मनाईहुकूम मागू नका. कलम ३४ ने तो मार्ग बंद केला आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

६. कलेक्टर कचेरीच्या आदेशाची तयारी ठेवा

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टरांकडे, किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. कर्जाचा वाद तिथे तपासला जात नाही, म्हणून स्थगिती हवी असेल तर ती डीआरटीतूनच आणावी लागते. ती नसेल, तर औषधं, मुलांची प्रमाणपत्रं, आधार-पासबुकं आणि दागिने आधीच बाजूला काढा. ताब्याच्या दिवशी पंचनामा आणि सामानाची यादी मागा, वाचून मगच सही करा.

७. लिलावाच्या जाहिरातीआधीची संधी सोडू नका

पहिल्या लिलावाआधी तीस दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. राखीव किंमत मूल्यांकनावरून ठरते. ती फार कमी वाटली, तर स्वतंत्र मूल्यांकन करून लगेच आक्षेप नोंदवा.

संपूर्ण बाकी आणि खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क पूर्वी विक्रीपर्यंत असायचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरला. २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच ठामपणे सांगितलं. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे नेऊ, असा हिशेब धरू नका.

८. शेवटचा हिशेब मागा

घर विकलं गेलं, तर बाकी आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे तुमचे. ते लेखी मागा. पैसे कमी पडले, तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा दावा लावू शकते.

आणि कर्ज पूर्ण फेडून घर वाचलं, तर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशाप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

नोटीस आली ही गोष्ट घरच्यांपासून लपवू नका. सहकर्जदार पत्नी असो की जामीनदार मित्र, कायद्याने तेही तुमच्याइतकेच बांधलेले आहेत आणि त्यांच्या मुदतीही चालू झालेल्या असतात. नोटीस हातात पडेल त्याच संध्याकाळी सगळ्यांना बसवा, कॅलेंडरवर साठावा दिवस लाल पेनाने खुणावा आणि उत्तराचं पत्र लिहायला घ्या.