पडद्यावरून फ्रेंच भाषेचे अध्ययन

फ्रेंच भाषेचे व्याकरण दोन-तीन वर्षे अभ्यासलेला विद्यार्थी प्रथमच एखादा फ्रेंच चित्रपट पाहतो, तेव्हा बहुधा त्याची निराशा होते. छापील पानावर चांगल्या परिचयाचे असलेले शब्द कानाला ओळखू येत नाहीत. यात विद्यार्थ्याच्या परिश्रमाची उणीव असते असे नव्हे. कानाचे शिक्षण झालेले नसते, हे त्याचे खरे कारण होय. ही उणीव दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांच्या साहाय्याने कितपत भरून काढता येते, याचा विचार भाषाशिक्षकांना उद्‌बोधक ठरेल.

लेखन आणि उच्चार

देवनागरीत सामान्यतः जसे लिहिले तसे वाचले जाते. फ्रेंचमध्ये तसे नाही. ‘बोलणे’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ यांसाठीची वर्तमानकाळी रूपे तीन प्रकारे लिहिली जातात. परंतु तिन्हींचा उच्चार ‘पार्ल’ असा एकच होतो. ‘आमी’ म्हणजे मित्र. पण त्यामागे अनेकवचनी उपपद ‘ले’ आले की ‘लेझामी’ असा अखंड उच्चार ऐकू येतो आणि नवशिक्याला शब्द कोठे सुरू झाला हे कळत नाही. ‘मला ठाऊक नाही’ हे पुस्तकात ‘ज न से पा’ असते. नित्याच्या बोलण्यात त्याचे ‘शे पा’ होते. पुस्तकातून ही बोली पुरेशी शिकविता येत नाही. ती ऐकावीच लागते.

फ्रान्समधील प्रयत्न

ही अडचण फ्रेंच भाषातज्ज्ञांनी फार पूर्वीच ओळखली होती. १९५० नंतरच्या दशकात जॉर्ज गूगेनेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांतील सुमारे ३ लक्ष १२ हजार शब्दांची मोजदाद केली. त्यात एक मौजेची गोष्ट आढळली. जेवणाच्या काट्यासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या वस्तूंची नावे प्रत्यक्ष बोलण्यात फार क्वचित येत होती. म्हणून निरनिराळ्या विषयांवर विद्यार्थ्यांना शब्द सुचविण्यास सांगून ही त्रुटी दूर करण्यात आली. अशा रीतीने सुमारे १,४७५ शब्दांची प्राथमिक यादी सिद्ध झाली. तिच्या आधारे पेतार गुबेरिना आणि पॉल रिवांक यांनी, पॅरिसनजीकच्या सँ-क्लू येथील केंद्रात, चित्रपट्टी आणि ध्वनिफीत यांची सांगड घालणारा पाठ्यक्रम तयार केला. विद्यार्थ्याने प्रथम चित्र पाहावे, वाक्य ऐकावे, ते म्हणावे आणि लेखनाकडे नंतर वळावे, असा त्याचा क्रम होता.

१९८७ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक पिएर कॅप्रेट्झ यांची ५२ भागांची दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा होता. मिरेय ही पॅरिसची युवती आणि रॉबर्ट हा अमेरिकन तरुण यांची कथा तिच्यात क्रमाने उलगडते. भाषांतराचा आधार न घेता अध्यापन फ्रेंचमधूनच होते. कथेतील एखादा शब्द अनेक चित्रपटांतील लहान लहान प्रसंगांतून पुन्हा दाखविला जातो आणि प्रसंगावरूनच अर्थ ध्यानी येतो.

केवळ पाहणे पुरेसे नाही

तथापि, पडद्यासमोर बसल्याने भाषा आपोआप येते, हा समज बरोबर नाही. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे नऊ महिन्यांच्या बालकांना चिनी भाषा ऐकविण्यात आली. समोर प्रत्यक्ष व्यक्ती असता त्या भाषेतील ध्वनिभेद बालके शिकली. तेच बोलणे पडद्यावरून ऐकलेली बालके शिकली नाहीत. बालकांविषयीचा हा निष्कर्ष प्रौढांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही पडद्यावरील माणूस आपल्या चुका सुधारीत नाही आणि आपल्या उत्तरासाठी थांबतही नाही, ही मर्यादा प्रौढांनाही जाणवतेच.

दुसरा प्रश्न पडद्यावर खाली उमटणाऱ्या अक्षरांचा. हॉलंडमधील संशोधक मिटरर आणि मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच विद्यार्थ्यांना अपरिचित धाटणीचे इंग्रजी बोलणे असलेली चित्रफीत दाखविली. खाली इंग्रजी शब्द वाचणाऱ्यांना ते उच्चार पुढे अधिक चांगले ओळखता आले. डच भाषांतर वाचणाऱ्यांना नवे शब्द ओळखताना उलट अडथळाच झाला. भाषांतर मिळाले की डोळा अर्थ टिपतो आणि कान स्वस्थ बसतो. तेव्हा फ्रेंच चित्रपटाखाली फ्रेंच अक्षरेच असावीत. आपल्या देशातही ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून याच तत्त्वाचा पाठपुरावा करून, चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील ओळी देऊन नवसाक्षरांचा वाचनसराव घडविला आहे.

अभ्यासाची रीत

संपूर्ण चित्रपट एकदा पाहण्यापेक्षा तीन मिनिटांचा प्रसंग चार वेळा पाहणे अधिक फलदायी होय. प्रथम अक्षरांविना पाहून प्रसंग समजून घ्यावा. दुसऱ्यांदा फ्रेंच अक्षरे वाचीत ऐकावे. तिसऱ्यांदा प्रत्येक वाक्यानंतर थांबून ते मोठ्याने म्हणावे. चौथ्यांदा पुन्हा अक्षरांविना ऐकावे आणि त्यानंतर तोच प्रसंग आपल्या शब्दांत शिक्षकाला अथवा सहाध्यायाला सांगावा. ही शेवटची पायरी वगळल्यास विद्यार्थी केवळ श्रोता राहतो.

चित्रपटाची निवडही विचारपूर्वक करावी. आल्बेर लामोरिस यांच्या १९५६ च्या ‘तांबडा फुगा’ या लघुपटात संवाद अत्यल्प आहेत. त्यामुळे कथा सांगण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपविता येते. निकोला फिलिबेर यांचा २००२ चा ‘एत्र ए आव्वार’ हा अनुबोधपट ओव्हेर्न्य प्रदेशातील एकशिक्षकी शाळेविषयी आहे. त्याचे नाव म्हणजे फ्रेंचमधील ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ ही दोन मूलभूत क्रियापदे. निरनिराळ्या इयत्तांच्या मुलांना एकाच वर्गात शिकविणारे गुरुजी त्यात संथ आणि स्वच्छ बोलतात. आपल्याकडील ग्रामीण शिक्षकांनाही ते दृश्य परके वाटणार नाही. १९८४ मध्ये फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड येथील पाच वाहिन्यांनी मिळून सुरू केलेली टीव्ही-५ ही वाहिनी आज शिकणाऱ्यांसाठी चित्रफितींवर आधारित पाठही विनामूल्य देते.

एके काळी विद्यापीठांनाच परवडणारी ही साधने आज साध्या मोबाईलवर उपलब्ध आहेत. साधनांची वाण राहिलेली नाही; योजनाबद्ध उपयोगाची आहे. पडदा कान तयार करील. परंतु जीभ तयार करण्यासाठी समोर ऐकणारा आणि चूक सुधारणारा माणूस हवा. ते स्थान शिक्षकाचेच आहे.