मनिऑर्डर थांबल्यावर

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कोकणी माणसाचा संसार दोन चुलींवर चाले. पुरुष गिरणगावातील गाळ्यात राही, खानावळीत जेवी. स्त्री गावी शेती, गुरे व वडीलधारी माणसे सांभाळी. दोघांतील दुवा म्हणजे मनिऑर्डर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि ही घडी विस्कटली. संपाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. त्या घरांत पुढे काय झाले, यावर थोडेच.

माझे आजोबा त्या कामगारांपैकीच. गिरणी सुटल्यावर त्यांनी पनवेलला रखवालदारी धरली व आजीला पोलादपूरहून आणले. लग्नानंतर बावीस वर्षांनी दोघे प्रथमच एका खोलीत नांदू लागली. आजोबा रोजच्या खर्चाचा हिशेब विचारू लागले. एके दिवशी आजी म्हणाली, "मनिऑर्डरीचा हिशेब कधी मागितला नाहीत, आता मिठामिरचीचा मागता?" आठवडाभर अबोला होता. पुढला पगार आजोबांनी न मोजता तिच्या हाती दिला.

स्थलांतराच्या अभ्यासात ही बाजूही यावी, असे मला वाटते. दूर असताना विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो. एकत्र आल्यावर तो समजून-उमजून ठेवावा लागतो.