भूल उतरताना

समजा, पवनारचे एक घर आहे. घरच्या मुलाचे पोट एकाएकी दुखू लागले. त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स सुजले आहे. ऑपरेशन करावे लागेल."

आई घाबरली. म्हणाली, "पोराले भूल देतीन. मंग तो उठन ना?"

सिस्टर म्हणाली, "उठेल, मावशी. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून दवाखान्यात गांधीजींचेही हेच ऑपरेशन झाले. मध्येच वीज गेली. डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले. गांधीजी बरे झाले. पुढे १९३६ साली ते इथे सेगावात राहायला आले. आता तर भुलेचा डॉक्टर वेगळा असतो. तो सारा वेळ श्वास आणि नाडी पाहतो. फक्त खरे सांगा, मुलाने सकाळपासून काही खाल्ले का? खाल्ले असेल तर लपवू नका."

ऑपरेशन झाले. मुलाला वॉर्डात आणले. हाक मारली की तो ओ देई, पुन्हा डोळे मिटी. ओठ सुकले होते. तो पुटपुटला, "माय, पाणी."

आईने पेला उचलला. सिस्टरने तिचा हात धरला.

"थांबा मावशी! पाणी चुकीच्या वाटेने गेले की आपल्याला ठसका लागतो. ठसका हा श्वासाच्या वाटेवरचा राखणदार आहे. भूल पुरती उतरेपर्यंत तो झोपेत असतो. तेव्हा पाणी किंवा ओकारी फुप्फुसात जाऊ शकते. त्यात जीवही जातो."

"मंग त्याले असं कुशीवर काहून निजवलं?"

"गुंगीत माणूस उताणा असला की जीभ मागे पडते. श्वास अडतो. कुशीवर असला की वाट मोकळी राहते. ओकारी आली तरी बाहेर पडते. पण कूस आम्हीच बदलू. प्रत्येक ऑपरेशनची रीत वेगळी असते."

रोग्याजवळ बसाल तेव्हा हे ध्यानात ठेवा :

१. सिस्टर सांगेपर्यंत पाणी, चहा, दूध काही देऊ नका. ओठ सुकले तर ओले फडके पिळून टिपा.

२. थंडीने अंग कापले तर सिस्टरला सांगा, पांघरूण घाला. गरम पाण्याची पिशवी लावू नका. गुंगीत चटका कळत नाही, कातडी भाजते.

३. सलाईनची आणि ऑक्सिजनची नळी ओढू देऊ नका.

४. रोगी बरळला तर रागावू नका. नाव घेऊन हाक मारा. "मी इथेच आहे," असे सांगा.

५. घोरल्यासारखा आवाज आला, ओठ निळे पडले, हाकेला ओ येईना, तर लगेच सिस्टरला बोलवा.

६. पहिल्यांदा एकट्याला उठू देऊ नका. आधी बसवा, मग धरून उभे करा.

आई खाटेजवळ बसून राहिली. काही तासांनी मुलगा चांगला जागा झाला. सिस्टरने विचारपूस केली आणि म्हणाली, "आता द्या, मावशी. चमच्याने द्या."

आईने पाणी पाजले. मुलगा म्हणाली तसे हळूहळू प्याला. ठसका लागला नाही.

सांगा पाहू :
आईचा हात सिस्टरने का धरला?
गुंगीतल्या रोग्याला कुशीवर का निजवतात?