हनुवटीखाली हात

पोरी, आता तू पाचवीला इंग्रजी शिकवणार, म्हणून माझ्या तीस वर्षांतलं थोडं सांगते. शब्द फळ्यावर लिहायच्या आधी तो तोंडानं तोडायला शिकव. हात हनुवटीखाली आडवा धरायचा नि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल, तितके सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे. 'फिल्म' म्हणून बघ. आपली जीभ 'फिलम' म्हणते, हनुवटी दोनदा टेकते. इंग्रजीत ती एकदाच टेकायला हवी, कारण एका तुकड्यात स्वराचा उच्चार एकच; भोवती व्यंजनं कितीही असोत. 'स्ट्रेंग्थ्स'च्या स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरं, पण तुकडा एक. आपल्या 'घर'मध्येही लिहायला अक्षरं दोन, तुकडा एकच. मुलं अक्षरं मोजतात, तिथं फसतात.

स्पेलिंगची खरी गोम तुकडा कुठे संपतो यात आहे. 'टायगर' घे. पहिला तुकडा टी-आय. पुढं अडवायला कुणी नाही, म्हणून 'आय' ऐसपैस बसतो नि 'टाय' ऐकू येतं. 'डिनर'चा पहिला तुकडा डी-आय-एन. एननं कडी लावली, 'आय' आखडला. दुसरा तुकडाही एननंच सुरू होतो, म्हणून एन दोन. त्यातला एक गाळला की 'डायनर' होतो, म्हणजे जेवणारा माणूस! एवढं कळलं की 'रॅबिट'ला दोन बी, 'समर'ला दोन एम का, ते घोकावं लागत नाही. 'लेमन', 'रिव्हर' मात्र जुमानत नाहीत. असे शब्द कागदावर लिहून भिंतीला लाव.

बोलायचा शब्द वेगळा नि लिहायचा वेगळा, हे मुलांना खुशाल सांग. 'वेन्झडे' बोलताना तुकडे दोन. लिहिताना मनात 'वेड-नेस-डे' म्हणायचं. 'सेपरेट' लिहिताना 'सेप-ए-रेट', म्हणजे मधला 'ए' ई होत नाही. 'वॉक'ला ईडी लागला तरी तुकडा वाढत नाही, 'वॉक्ट' होतं. मूळ शब्दाच्या शेवटी टी किंवा डीचा उच्चार असला तरच वाढतो, जसं 'वाँटेड'.

तुकडे पाडून झाले की जोर कुठे, ते विचार. आपण सगळे तुकडे सारखेच दाबतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फटॉग्रफी'त तो 'टॉ'वर सरकतो नि 'फो'चा नुसता 'फ' उरतो. जोराच्या तुकड्यावर टाळी, बाकीच्यांवर टिचकी वाजवून घे.

उद्या पहिल्या तासाला पुस्तक उघडूच नकोस. हनुवटीखाली हात धरून प्रत्येकाला आपापल्या नावाचे तुकडे पाडू दे.