माणसं कोण मोजणार?

सातारा, 10 फेब्रुवारी

चि. सईस,



बातमी माझ्यापर्यंत कशी आली ते आधी सांगतो, म्हणजे तुला हसू येईल आणि पुढचं वाचायला धीर राहील. तू प्रागला जाणार हे तू बंटीला सांगितलंस. बंटीने ते कराडच्या मावशीला दाखवलं, जाहिरातीच्या फोटोसकट. मावशीने तुझ्या आईला फोन केला तोवर तू बारमध्ये कामाला लागली होतीस. ताईचा फोन माझ्याकडे आला तेव्हा तुझं शिक्षणही सुटलं होतं. मग मी बंटीला दम देऊन मूळ फोटो मागवून घेतला. उत्पादन शुल्क खात्यात जन्म काढल्यावर ऐकीव पंचनाम्यावर सही करायची नाही, एवढं तरी अंगी लागलं आहे.

तर मूळ प्रकरण असं. येत्या शनिवारी तू आणि खोलीवरच्या दोघी ड्रेस्डेनहून प्रागला जाणार. तिथे एका कंपनीचा पब क्रॉल. संध्याकाळी आठला जुन्या शहरात जमायचं, पहिल्या बारमध्ये तासभर हवं तेवढं प्यायचं, मग आणखी तीन बार, दहाला क्लबच्या दारात, वर टी-शर्ट फुकट. बरोबर एक गाइड. पैसे भरून झालेत.

तू पितेस याचा मला राग आलेला नाही, हे पहिल्यांदा लिहून ठेवतो. तू तेवीस वर्षांची. आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं पुरी लागतात, शिवाय परवाना लागतो. पाच रुपयांत मिळणारा एक दिवसाचा परवाना कुणी मागत नाही आणि कुणी दाखवत नाही, ते सोड. चेक देशात अठरा पुरे. कायदा तुझ्या बाजूने आहे. ताईला मी हेच सांगितलं, तर ती म्हणाली, दारूवाल्यांच्या खात्यात राहून तुझी अक्कलही तशीच झाली.

माझी चिंता वेगळी आहे. त्या जाहिरातीत सगळं मोजून दिलेलं आहे. बार चार, तास एक, टी-शर्ट एक, माणशी इतके युरो. आठ वाजता गाइड माणसं मोजेल, कारण पैसे माणशी आहेत. परत निघताना माणसं कोण मोजणार, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. मी फोटो मोठा करून करून पाहिला.

आता हे असं का, तेही मी शोधलं. (मामीने दिवा बंद करा म्हणून दोनदा सांगितलं.) 2024च्या ऑक्टोबरात प्रागच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात गाइडबरोबरचे पब क्रॉल शहरात चालणार नाहीत. जुन्या शहरात राहणाऱ्या लोकांना झोप नको का? रात्रभर बाहेरून आलेल्या टोळ्या गल्लीतून ओरडत फिरतात, कुठेही लघवी करतात, म्हणून ते वैतागले होते. मला त्यांचं पटतं. पण तुझ्या वेळापत्रकाकडे नीट बघ. आठला सुरुवात, दहाला क्लब. पहिल्या बारमध्ये तास गेला की उरलेले तीन बार तासाभरात उरकायचे, म्हणजे एकाला वीस मिनिटं, त्यातच चालणं. शरीर तासाला साधारण एका पेगाचा निकाल लावतं, त्याहून वेगाने त्याला काम जमत नाही, तू कितीही हुशार असलीस तरी. आणि बरोबर दहाला, जेव्हा सगळं डोक्यात चढायला लागेल, तेव्हा गाइड तुम्हाला क्लबच्या दारात सोडून मोकळा. त्याने कायदा पाळला. तुमचं काय?

म्हणून पुन्हा विचारतो, दहानंतर माणसं कोण मोजणार?

गंमत अशी की त्या देशाची स्वतःची पिण्याची रीत मोजण्यावरच उभी आहे. माणशी सर्वांत जास्त बिअर पिणारा देश म्हणून तो जगात पहिला मानला जातो, पण तिथल्या जुन्या दारूगुत्त्यात वेटर ग्लास ठेवतो आणि टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर पेनाने एक रेघ मारतो. ग्लास संपत आला की न विचारता दुसरा आणतो, दुसरी रेघ. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. ग्लासावर मापाची खूण असते, बिअर तिथवर आली पाहिजे. पाटीवर दहा किंवा बारा असा आकडा असतो, त्याला घाबरू नकोस. ते अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्याआधी त्या रसात माल्टचा अंश किती होता, त्याचा तो आकडा. दहाची बिअर चार टक्क्यांच्या आसपास, बाराची पाचच्या. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल आपुलकीच वाटली. साठा नोंदवही गिऱ्हाइकाच्या समोर टेबलावर! आमच्याकडे परमिट रूमची नोंदवही मागितली की मालक आधी चहा मागवायचा.

तुझ्या पहिल्या तासात मात्र पट्टी नाही, रेघ नाही. हवं तेवढं म्हणजे ओतणाऱ्याला वाटेल ते. फुकटात कुणी बाराची ताजी पिल्सनर मोजून देत नसतो. शॉट असतात, रंगीत, गोड, ट्रेमध्ये आधीच भरून ठेवलेले. तिथला एक शॉट 40 मिलीचा, आपला पेग 30चा. आणि बाटली तू पाहिलेली नसतेस. मी आयुष्यभर बाटलीचं बूच, लेबल आणि हॉलोग्राम बघत आलो, आणि माझी भाची बाटली न बघता पिणार, हे मला कसं झोपू देईल?

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. परवान्याच्या बारमध्ये विषारी दारू मिळेल असं माझं म्हणणं नाही. पण चेक सरकारने 14 सप्टेंबर 2012ला वीस टक्के आणि त्यावरच्या सगळ्या दारूची विक्री देशभर थांबवली होती, कारण बाटल्यांत मेथेनॉल निघालं आणि माणसं भराभर मरायला लागली. इतका शिस्तीचा देश, तरी. आपल्याकडे मालाडच्या मालवणीत 2015च्या जूनमध्ये शंभरावर माणसं गेली, ते तुला आठवत असेल, तू शाळेत होतीस. लाओसमध्ये वांग व्हिएंगला 2024च्या नोव्हेंबरात सहा परदेशी पर्यटक गेले, त्यांतली काही तुझ्याहून लहान होती. मेथेनॉलचा डाव असा की रात्री काही कळत नाही. नुसती दारू चढल्यासारखी वाटते. शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं, आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं. लोक हँगओव्हर म्हणून झोपून राहतात. डोळ्यांचं काही वाटलं तर झोपायचं नाही, लगेच 112 लावायचा. हे एवढं पाठ कर, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

ग्लास टेबलावर ठेवून नाचायला गेलीस, तर परत आल्यावर तो ग्लास तुझा राहिलेला नसतो. नवा मागव. याहून उघड लिहायला मला जमत नाही, मामी म्हणाली तिला कळेल.

हे लिहिता लिहिता माझा धाकटा भाऊ, तुझा नानामामा, डोक्यात आलाच. त्याचं तुला जे ठाऊक आहे ते सगळं खरं आहे, पुन्हा काढत नाही. पण एक गोष्ट तुझ्या आईलाही मी सांगितलेली नाही. लोक म्हणतात नाना खूप प्यायचा. खूप पिणारे मी शेकड्यांनी पाहिले, त्यांतले बरेच अजून धडधाकट आहेत. नाना एकटा प्यायचा. घरात माझी खाकी टांगलेली, म्हणून घरात नाही. स्टँडमागच्या परमिट रूममध्ये कोपऱ्यात बसायचा, आणि मी तपासणीला आलो की मागच्या दाराने निघून जायचा. मालक मला सांगायचा, साहेब, धाकटे आत्ताच गेले. मी मान खाली घालून नोंदवही तपासायचो. एखाद्या दिवशी वर्दी घरी ठेवून गेलो असतो, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो असतो, एक बिअर दोघांत मागवली असती, तर निदान तो किती पितो ते मला कळलं असतं. पण भावाबरोबर परमिट रूममध्ये बसलो हे खात्यात कळलं तर काय, आणि अण्णांना वास आला तर काय, या दोन भीतींत माझी तरुणपणाची सगळी वर्षं गेली. पुढे बांद्याच्या नाक्यावर बदली झाली. पलीकडे गोवा दिसत होता. लोक हसत जायचे आणि हसत यायचे, मी त्यांच्या डिक्या उघडून बघायचो. मित्रांबरोबर समुद्रावर बसून एक ग्लास प्यायलोय असं मला आठवत नाही. आता डॉक्टर नको म्हणतात.

त्यामुळे, सई, तू मैत्रिणींबरोबर उघडपणे जाते आहेस, फोटो टाकते आहेस, भावाला सांगते आहेस, याचं मला खोल कुठेतरी बरंच वाटलं. ताईला हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

इथवर मामीने वाचलं आणि म्हणाली, पोरीला पत्र पाठवताय का आरोपपत्र? तिचंही बरोबर आहे. तू दहावीत असताना सहलीला गेलीस तेव्हाही मी बसचा नंबर लिहून घेतला होता, आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस.

पैसे भरलेत ते रद्द कर असं मी म्हणणार नाही. जायचं तर जा. पण पहिल्या तासात शॉट नकोत, बिअर पी, तीही पोटात काही घालून. तिथे तळलेलं चीज मिळतं म्हणे, ते खा, चकण्यावर काटकसर करायची नाही. आणि तिघींत एकीने त्या रात्री दोन ग्लासांवर थांबायचं. कोण ते शुक्रवारीच ठरवा, प्रागला गेल्यावर नव्हे. ती गाइड नव्हे, ती तुमची मोजणारी. आलो तिघी, निघणार तिघी. एखादीला कुणी आवडला, थोडं थांबते म्हणाली, तरी तिघी. तुला हे जुनाट वाटेल, वाटू दे. हॉस्टेलचा पत्ता कागदावर लिहून बुटात ठेव, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते. मेट्रो बंद झाली तरी रात्रीच्या ट्राम असतात, त्यांचे नंबर नव्वदच्या घरातले, आणि मध्यभागातल्या लाझार्स्का थांब्यावर त्या एकमेकींना मिळतात. तिथून हॉस्टेलकडे कुठली जाते ते दिवसा उजेडी बघून ठेवा.

आणि आणखी एक, हा उपदेश नाही, मागणं आहे. शनिवारी दुपारी लवकर पोचणार असाल तर पब क्रॉलच्या आधी एखाद्या जुन्या दारूगुत्त्यात जाऊन बसा. उ फ्लेकू नावाचा आहे, 1499पासूनचा, तिथे स्वतःचीच काळी बिअर करतात. दुसरा उ झ्लातेहो तिग्रा, म्हणजे सोनेरी वाघ. तिथे लेखक बोहुमिल ह्राबाल रोज बसायचा, आणि 1994 साली अध्यक्ष हावेल बिल क्लिंटनना तिथे घेऊन गेले होते. जागा मिळेल की नाही सांगता येत नाही, नाही मिळाली तर कोपऱ्यावरचा कुठलाही साधा गुत्ता चालेल. एक ग्लास घ्या, एकमेकींशी बोला, आणि ती रेघांची पट्टी निघताना मागून बघ. वेटरने दिली तर मला आण. मला ती बघायची आहे.

पासपोर्ट झाला आहे माझा, तुला माहीत नसेल. मामी म्हणते पुढच्या वर्षी तुझ्या पदवीदानाला जाऊ. तेव्हा तू मला त्या गुत्त्यात ने. मी सोडा पिईन.

हे पत्र पोस्टाने शनिवारपर्यंत पोचणार नाही म्हणून पानांचे फोटो मीच काढून पाठवतो आहे. बंटीकडे दिले तर कराडमार्गे जातील. ताईची काळजी करू नकोस, तिला मी बघतो. ती रागावली आहे कारण तू तिला सांगितलं नाहीस, बाकी काही नाही. रविवारी तिला फोन कर, आधी तिचं ऐकून घे.

शनिवारी खोलीवर पोचलात की मला फक्त "तिघी" एवढा एक शब्द पाठव. कितीही वाजलेले असोत. तुमचे रात्रीचे बारा म्हणजे इथले पहाटेचे साडेचार, मी तेव्हा उठलेलाच असतो.

तुझा,
मामा

ता. क. टॅक्सीसाठी तुझ्या खात्यावर थोडे पैसे पाठवले आहेत. ट्राम चुकली तर चालत जायचं नाही. पैसे उरले तर परत पाठवायचे नाहीत, तळलेलं चीज खा.