रोमन शिपाई ढाल कशी नेत असत?



इतिहासाच्या तासाला गुरुजींनी रोमन शिपायाचे चित्र दाखवले. एका हातात मोठी ढाल, दुसऱ्या हातात भाला. मी उठून विचारले, "गुरुजी, दोन्ही हात गुंतले, मग ह्याचं अंथरूण-पांघरूण अन् जेवणखाण कोण नेत होतं?" सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. तूच शोध, आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

ढाल केवढी होती?

रोमन पायदळाची ढाल आपल्या मावळ्यांच्या ढालीसारखी गोल नव्हती. ती उभी, लांबट आणि पन्हाळी कौलासारखी वाकवलेली असे. लाकडाच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या थरांनी एकमेकींवर चिकटवत आणि वरून चामडे किंवा कापड लावत. सीरिया देशात युफ्रेटिस नदीच्या काठी दुरा-युरोपोस नावाचे जुने शहर आहे. तिथल्या उत्खननात इ. स. तिसऱ्या शतकातील अशी एक ढाल मिळाली. तिची उंची एक मीटरहून थोडी जास्त आहे. अभ्यासकांनी जुन्या नमुन्यांवरून नव्या ढाली बनवून पाहिल्या. त्यांचे वजन प्रकाराप्रमाणे ५-६ किलोपासून १० किलोपर्यंत भरले.

ढालीच्या आत मधोमध एकच आडवी मूठ असते. लढाईत ती ठीक. पण दिवसभर एवढे वजन एका मुठीत धरून कोण चालेल? म्हणून वाटेत ढाल पट्ट्याने अंगाला अडकवत असावेत, असे अभ्यासक मानतात.

ढालीला चामड्याची खोळ घालत. अशा खोळींचे तुकडे युरोपात ठिकठिकाणी सापडले आहेत. खोळ कशाला? आपले घोंगडे पावसात भिजले की किती जड होते, ते सर्वांना ठाऊक आहे. ढालीचेही तसेच. पाणी मुरले की ती जड होते, शिवाय चिकटवलेले थर सुटतात.

बाकीचे ओझे

रोम शहरात सम्राट ट्राजनचा दगडी स्तंभ आहे. तो इ. स. ११३ मध्ये पुरा झाला. चौथरा सोडून तो सुमारे ३० मीटर उंच आहे. त्यावर डॅन्यूब नदीवरच्या होड्यांच्या पुलावरून जाणारे शिपाई कोरले आहेत. त्यांच्या डाव्या बाजूला ढाल आहे. शिरस्त्राण डोक्यावर नाही, खांद्यापाशी टांगले आहे. खांद्यावर काठी आहे आणि काठीच्या वरच्या टोकाला पिशवी, जाळी, पातेले असा संसार बांधलेला आहे.

जोसेफस हा पहिल्या शतकातला इतिहासकार. त्याने शिपायाच्या सामानाची यादीच दिली आहे : करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांचे अन्न. म्हणजे आपल्या घरच्या कोपऱ्यातली निम्मी अवजारे! कारण रोज मुक्कामाला पोचल्यावर शिपायांना छावणीभोवती खंदक खणावा लागे. तंबू आणि दळायचे जाते मात्र खेचरावर लादत. आठ जणांचा एक तंबू असे.

मारियस नावाचा सेनापती इ. स. पूर्व १०७ मध्ये पहिल्यांदा कॉन्सल झाला. सैन्यामागची गाडा-जनावरांची रांग कमी व्हावी म्हणून त्याने शिपायांनाच ओझे उचलायला लावले, असे जुने लेखक सांगतात. तेव्हापासून लोक शिपायांना 'मारियसची खेचरे' म्हणू लागले.

वेजेटियस हा लेखक सांगतो की, नव्या शिपायाने उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैल चालले पाहिजे आणि ६० रोमन पौंड ओझे वाहण्याची सवय केली पाहिजे. आपल्या मापात सुमारे ३० किलोमीटर आणि १९ ते २० किलो.

मी करून पाहिले

माझे आप्पा बाजारात पोती उचलतात. त्यांना मी चित्र दाखवले. ते म्हणाले, "काठीला गाठोडं बांधायचं ते खांद्याजवळ. लांब बांधलंस तर खांदा जाईल."

आम्ही चार किलोचे गाठोडे बांधले. गाठोडे खांद्यामागे एक वीत आणि हात पुढे दोन विती, असे धरले. तरफेच्या नियमाने हाताला दोन किलोचा दाब द्यावा लागतो. खांद्यावर चार अधिक दोन, म्हणजे सहा किलो येतात. मग गाठोडे दोन विती मागे सरकवले. आता हाताला चार किलो दाबावे लागले आणि खांद्यावर आठ किलो आले. गाठोडे तेच, ओझे मात्र वाढले! स्तंभावरच्या शिपायांच्या काठ्या बऱ्याच उभ्या आहेत, त्याचे कारण मला तेव्हा कळले. काठी उभी धरली की गाठोडे खांद्याच्या जवळजवळ वरच येते.

काठीचा दुसरा फायदा असा, की शत्रू आला तर काठी टाकली की खांदा मोकळा.

पण खोळीचे काय?

इ. स. पूर्व ५७ मध्ये ज्यूलियस सीझरचे सैन्य गॉल देशात साबिस नदीकाठी छावणी बांधत होते. इतक्यात पलीकडच्या रानातून नर्व्ही लोक धावून आले. सीझरने स्वतः लिहून ठेवले आहे की, शिपायांना शिरस्त्राण घालायला आणि ढालीची खोळ काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही. सीझरजवळही ढाल नव्हती. त्याने मागच्या एका शिपायाची ढाल घेतली आणि तो पुढे गेला. शेवटी रोमन जिंकले, पण फार कठीण प्रसंग होता. जी खोळ पावसात ढाल वाचवी, तीच त्या दिवशी अडचण झाली.

लेख लिहून झाल्यावर मी आप्पांना वाचून दाखवला. 'खेचरे' हा शब्द आला तेव्हा मला हसू आले. आप्पा म्हणाले, "हसू नको. लढाई एक दिवसाची, ओझं रोजचं." ते मला पटले, म्हणून इथे लिहिले.

तुम्हीही करून पाहा : काठीला दप्तर अडकवा. आधी खांद्याजवळ, मग लांब धरा. कुठे जड लागते ते वहीत लिहा आणि गुरुजींना दाखवा.

— इयत्ता सातवी